घाणेरीचं कुंपण

आमच्या घराला भिंतीचं कंपाउंड नाही, ते मामांमुळे. मामा म्हणजे माझे सासरे, ग्यानोबा. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांची आई आणि थोरली लेक दगडी भिंतीखाली गेल्या. मामा त्या रात्री धाकट्या लेकाला घेऊन रानात राखणीला होते म्हणून दोघं वाचले. पुढं सरकारनं नव्या गावात स्लॅबचं घर दिलं, पण हा माणूस त्यात पाऊल टाकायला तयार नव्हता. अंगणात पाचटाची कोप, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याची झोपडी घातली आणि तिच्यातच राहिले. दगड नको, म्हणून अहमदपूरच्या कुठल्याशा बंगल्याच्या बागेतून घाणेरीच्या फांद्या आणून कुंपण लावलं. केशरी-गुलाबी फुलं, शेळी तोंड लावत नाही, पाणी मागत नाही. सगळ्या गल्लीनं कौतुकानं मामांकडूनच फांद्या नेल्या.

मी सून म्हणून आले तेव्हा कुंपण कमरेएवढं होतं. पुढं ते फाटकावरून वाकून पलीकडं गेलं. ऊन दरसाल वाढतंय, पाऊस नको तेव्हा येतो, दारातला कडुलिंबसुद्धा वाळला आणि ही बया तेवढी माजली. मागच्या दुष्काळात गाईनं उपाशीपोटी तीच खाल्ली नि पिवळी पडून मेली. तेव्हापासून मला त्या कुंपणाची भीती वाटायची, खोटं कशाला बोलू? वरून हिरवं, आत सगळा वाळक्या काटक्यांचा ढीग. तोडायला माणूस मिळत नव्हता. धडधाकट माणसं लातूरला क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला गेलीत. आमचे हे, हनुमंत, तिथंच आचारी आहेत. सणाला येतात आणि "बघू" म्हणून जातात.

मे महिन्यात एका दुपारी शेजारच्या शेषेरावांनी कुंपणापलीकडच्या रानातलं पाचट पेटवलं. वारा फिरला आणि जाळ आमच्या कुंपणाला लागला. तडतड आवाज आला नि बघता बघता फाटक पेटलं. बाहेर पडायची तेवढीच वाट होती.

"मामा, घरात चला!" मी ओरडले.

ते कोपीच्या तोंडाशी बसून राहिले. "तू जा. मला न्हाई जमायचं."

"कोप पेटंल आता!"

"पेटू दे. त्या छताखाली न्हाई येत मी."

आगीकडं त्यांचं लक्षच नव्हतं. ते स्लॅबकडं बघत होते. ठिणग्या अंगणात पडायला लागल्या. मला राग आला, रडूही आलं. मी त्यांच्यासमोर मातीत फतकल मारून बसले.

"मग मी बी हितंच बसते. मरू दोघंबी."

"आगं, ऊठ की! येडी झालीस का?"

"न्हाई उठत."

पाठीला धग लागत होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मला वाटतं, त्यांना तेव्हा माझ्या जागी त्यांची थोरली लेक दिसली. त्यांनी डोळे घट्ट मिटले नि माझं मनगट धरलं. आंधळ्याला न्यावं तसं मी त्यांना उंबऱ्याच्या आत नेलं आणि दार लावलं. कोप भडकल्याचा आवाज आला. आग विझेपर्यंत मामा भिंतीला पाठ न टेकता, डोक्यावर एक हात धरून बसले होते. दुसरा हात मी सोडला नाही.

कुंपणाचे नुसते काळे खुंट उरले. मला वाटलं, सुटलो. आठवड्यानं वळवाचा पाऊस पडला आणि एकेका खुंटाला कोवळे हिरवे कोंब फुटले. मामांनी वाकून एक कोंब बोटानं चाचपला. मग म्हणाले, "मीच आणली ही. गल्लीभर वाटलीबी."

त्यांनी कुदळ उचलली आणि पहिलं मूळ खणायला घेतलं. मधेच थांबून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "हनुमंताला म्हणावं, दगडाचं कंपाउंड घाल."

मला खरं वाटेना.

"पर गुडघ्याएवढंच घाल म्हणावं," मामा म्हणाले. "त्याच्या वर न्हाई."