मस्कतची वायर

मस्कतहून आलेल्या वस्तूला आमच्या वरसे गावात वय नसतं. मिक्सर धूर ओकायला लागला तरी तो ‘ओरिजनल’ म्हणून कपाटात मानाने बसतो. माझी गिअरची सायकलही त्याच जातीतली. सहा वर्षांपूर्वी नवरा सईद सुट्टीवर आले, तेव्हा खोक्यात घालून घेऊन आले होते.

रोज सकाळी लेकीला, अक्साला, मागे बसवून मी शाळेत सोडते. शाळेच्या अलीकडे उतार आहे आणि तो थेट मोठ्या रस्त्यावर संपतो. तिथे मागचा ब्रेक पार मुठीला टेकेपर्यंत दाबावा लागायला लागला. व्हिडिओ कॉलवर मी सईदना दाखवलं.

“स्क्रू आवळ,” ते म्हणाले. “वायर ओरिजनल हाय. तिथली डुप्लिकेट घालू नको. मी येताना आणीन.”

येणार कधी, तर रमजानला. इथे पावसाळा नुकता सरत होता. मी स्क्रू आवळला. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा आवळला. असं चार-पाच वेळा झालं आणि मग स्क्रू पुढे फिरेचना. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

सायकलवाल्या केरूने ब्रेकच्या दांड्यापाशी बोट फिरवलं, तर बोटाला रक्त आलं.

“तारा सुटल्यात, भाभी. तुमी आवळताय आणि आतून एकेक तार तुटतेय. गिअरची वायर पण गंजलीय. दोन्ही बदला.”

“मग बदल की.”

“अशा वायरी माझ्याकडं नाय. पेणला रामवाडीत मिळतील.”

दुसऱ्या दिवशी एसटीने पेण गाठलं. दोन्ही वायरी कव्हरासकट घेतल्या आणि दुपारी केरूच्या दुकानात हजर झाले. तर हा डोकं खाजवत उभा.

“सईदभाईंना एक फोन लावा ना. सायकल त्यांची. मागं फुरकानच्या सायकलची चेन बदलली, तर त्याच्या बापानं दुबईवरनं तासभर माझा उद्धार केलान.”

सायकल त्यांची! जीव मुठीत धरून, पोर पाठीशी घेऊन उतार उतरायचा मी, आणि परवानगी मात्र मस्कतची. मी केरूची पक्कड उचलली आणि जुनी वायर कापून टाकली.

“आता ब्रेकच नाय. बसव.”

केरूने पाना घेतला. कव्हरातून जुना तुकडा ओढून काढला, तर एका जागी जेमतेम दोन तारा शाबूत होत्या. बाकी सगळा गंज.

नवी वायर बसल्यावर आधी एकटीच उतारावर गेले. दोन बोटांनी दाबलं, सायकल जागच्या जागी थांबली.

संध्याकाळी सईदचा फोन आला. वायर कापली म्हणून मी सरळ सांगून टाकलं. ते भडकले, “मी नको बोललो होतो ना?” मी तो तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला. त्यांनी तो जवळ आणायला लावला, पुन्हा पाहिला. मग आवाज एकदम खाली आला.

“अशी किती दिवस चालवत होतीस गो?”

“दोन महिने,” मी म्हटलं. “तुमी नको बोलत होता तितकेच.”