लेन्सचं झाकण

"कोणी मानणार नाही," असं म्हणत इंद्रभानने गोकुळच्या हॉटेलातल्या बाकावर मांडी घातली, "पण हिवरा आश्रमाकडच्या लग्नात ऐन मंगलाष्टकात लाइट गेली. मांडवात बॅटरीवरचा एकच बल्ब, तोही मिणमिणता. म्या म्हनलं, काऊन घाबरता? नजीरभाईची लेन्स हाय, अन् हा हात हाय! श्वास असा रोखला, का खांद्यावर चिमणी झोपाले येऊन बसली. तिले वाटलं, खांबच हाय."

"अंडं नाही देलं तिनं?" गोकुळने चहा गाळता गाळता विचारलं.

"देलं असतं बे, पण मंगलाष्टकं संपले ना!"

सगळं हॉटेल हसलं. शेजारी बसलेले नजीरभाईही हसले. पण त्यांचा हात कुर्त्याच्या खिशातल्या झाकणावर होता.

झाकण त्याच लेन्सचं. साखरखेर्ड्यात आणि भोवतालच्या गावांत नजीरभाईंनी निम्मी हयात लग्नांचे फोटो काढले, ते तिच्यातूनच. विहिरीसारखं मोठं तोंड होतं तिचं. कंदिलाचा उजेडसुद्धा घटाघटा प्यायची, म्हणून शटर डोळा लवायच्या आत मिटायचं आणि नवरीचा उडता पदर जागच्या जागी थिजायचा. इंद्रभान तेव्हापासूनचा जोडीदार. नजीरभाईंच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आला, धंदा सुटला, तेव्हा त्यांनी लेन्स त्याच्या ओंजळीत ठेवली. झाकण मात्र स्वतःपाशी राखलं.

"गुलनारच्या निकाहले दोन्ही एकत्र येतीन," ते म्हणाले होते.

इंद्रभानने लेन्स कपाळाला लावली होती. "जीव जाईन नजीरभाई, पण हे नाही जाणार."

आता डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, आणि लेकीचा निकाह शुक्रवारवर आला होता.

"खोटं वाटते त पाहा!" इंद्रभानने पिशवीतून त्याच लग्नाचा फोटो काढून पुढे केला. "हातानं काढला. ना स्टँड, ना टेकू."

नजीरभाईंनी फोटो दाराच्या उजेडात धरला. मांडवाचा खांब लख्ख. सुतळीची गाठ न् गाठ दिसत होती. पण ज्वारीच्या अक्षता? त्यांचे पिवळे दोरे झाले होते. अक्षता टाकणाऱ्या मामाचा हात तर धुरासारखा विरलेला.

त्यांनी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. हात थरथरला असता, तर खांबही पुसट झाला असता. खांब शाबूत, म्हणजे कॅमेरा हलला नव्हता. अक्षतांच्या रेघा, म्हणजे शटर बराच वेळ उघडं राहिलं होतं. तसली नवी लेन्स त्यांनी खामगावच्या दुकानात पाहिली होती; जुनी लेन्स दिली की ती बदलून मिळायची. धरणाऱ्याच्या हाताची थरथर ती पोटात घालते. समोरच्या माणसाचं हलणं मात्र तिला थोपवता येत नाही. तोंड बारीक, म्हणून उजेडासाठी शटरला ताटकळावं लागतं.

त्यांनी मान वर केली. इंद्रभानने चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता, तरी चहा काठाशी नाचत होता.

त्या थरथरीचा त्यांना राग नव्हता. अंधाऱ्या मांडवांत कितीदा तरी याच माणसाने कॅमेरा त्यांच्या खांद्यावर टेकवून फोटो काढले होते. खांदा अजून जागेवर होता. त्याने नुसतं सांगायचं होतं.

"शुक्रवारी लेन्स घेऊन येजो," ते म्हणाले. एवढी एक वाट त्यांनी त्याला मोकळी ठेवली.

"हाव ना! घरी मखमलीत गुंडाळून ठेवली हाय. रोज पुसतो. गुलनारचा असा फोटो काढतो नजीरभाई, का पापणीचा केस न् केस दिसन. काय गोकुळ, ते चिमणीची गोष्ट..."

नजीरभाईंनी खिशातलं झाकण काढलं. कुर्त्याच्या टोकाने पुसलं, फोटोतल्या पिवळ्या रेघांवर ठेवलं आणि दोन्ही त्याच्याकडे सरकवलं.

"खोटं बोलून राह्यला तू, इंद्रभान. माह्या लेन्सनं हे जवारी दाणा न् दाणा हवेत धरली असती. ते लेन्स तू देऊन टाकली. आता हे झाकणही घेऊन जाय."