कापूस कोंबलेला स्टेथोस्कोप

मी स्टेथोस्कोप. बोलणं हे माझं काम नव्हे, ऐकणं माझं काम. पण ऐकणं मला उभ्या जन्मात जमलं नाही, म्हणून आज बोलतो.

जन्मलो तेव्हा धडधाकट होतो. काळी रबरी नळी, चकचकीत चकती, कानात बसणारी दोन टोकं. दवाखान्यात गेलो असतो तर चार लोकांच्या उपयोगी पडलो असतो. पण मला विकत घेतलं टीव्हीवरच्या एका मालिकेच्या सामानवाल्याने. तिथला नायक डॉक्टर होता आणि दिसायला असा, की त्याला बघून माणसाला आजारी पडावंसं वाटावं.

पहिल्याच दिवशी नायकाने मला कानाला लावलं आणि समोरच्या नटाच्या छातीवर टेकवलं. कानात एवढी धडधड झाली की हा संवादच विसरला. एकदा नाही, तीनदा. दिग्दर्शक वैतागला. मग सामानवाल्याने माझ्या दोन्ही टोकांत कापसाचे बोळे कोंबले. "घ्या साहेब, आता हा गप्प बसेल."

मी गप्प बसलो. पुढची सात वर्षं तो रोज मला कुणाच्या तरी छातीला लावायचा, क्षणभर थांबायचा आणि म्हणायचा, "घाबरू नका, मी आहे ना." रोगी बरा व्हायचा. होणारच, तसं लिहिलेलंच असायचं. लोक रस्त्यात गाठून त्याला आपले खरे रिपोर्ट दाखवायला लागले. सुरुवातीला तो हसून टाळायचा. मग हळूहळू हातात घेऊन बघायला लागला.

मालिका संपली आणि दुसरं काम मिळेना. तेव्हा त्याने गाद्यांचा कारखाना काढला. पाठदुखीवाल्यांसाठी खास गादी. वेष्टनावर पांढऱ्या कोटातला त्याचा फोटो आणि गळ्यात मी. शिवण विभाग सांभाळायला त्याची मोठी बहीण आली. सगळा कारखाना तिला ताईच म्हणायचा. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं, त्यामुळे मालक म्हणून ती त्याला काडीची किंमत देत नसे. "ए, मालक असशील तुझ्या घरी, चपला बाहेर काढ," असं चारचौघांत सुनावायची. मला ती फार आवडायची.

नव्या दुकानाचं उद्घाटन असलं की तो पाच-दहा गिऱ्हाइकांना मला लावायचा. गादी खपायची. गंमत आहे, यात कुणाचं काय बिघडतंय, असं मलाही वाटायचं. माझंही चुकलंच.

त्या दिवशी सकाळी अकराला ताई मशीनवरून उठली आणि छाती दाबून खाली बसली. कपाळावर घाम, डावा हात जड. बायका ओरडल्या, "साहेबांना बोलवा, साहेबांना!"

तो पळत आला. नव्या फोटोसाठी तयार होत होता, त्यामुळे मी गळ्यात होतोच. मला वाटलं, आता गाडी काढेल. पण भोवती तीस-चाळीस बायका उभ्या होत्या आणि सगळ्यांचे डोळे त्याच्या हाताकडे लागले होते. त्या हाताला सात वर्षांची सवय. त्याने मला ताईच्या छातीला लावलं.

मी जिवाचा आटापिटा केला हो. तिचं हृदय अडखळत होतं, धावत होतं, परत अडखळत होतं. चकतीला सगळं कळत होतं आणि वर काही म्हणजे काही पोचत नव्हतं. त्याच्या कानात नेहमीचीच शांतता.

"काही नाही ताई, पित्त आहे. घाबरू नकोस, मी आहे ना."

आणि ताई! जिने त्याचं नाक पुसलं, त्याच्या नापास पेपरांवर खोट्या सह्या केल्या, तो डॉक्टर नाही हे जिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, ती हसून म्हणाली, "नीट बघितलंस ना? मग झालं." आणि कोऱ्या गादीवर जाऊन पडली. दोन तासांनी तिची शुद्ध हरपायला लागली, तेव्हा कुठे गाडी निघाली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दुखायला लागून किती वेळ झाला?" त्यावरच उपचार ठरणार होते.

"आत्ताच," तो म्हणाला.

अरे, खरं बोल की! मी आतल्या आत तडफडत होतो. शेवटी ताईच स्ट्रेचरवरून क्षीण आवाजात म्हणाली, "अकरापासून दुखतंय. पण भावाने तपासलंय माझ्या. काही नाही म्हणाला." बाईंनी त्याच्या गळ्यातल्या माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी ताई गेली.

त्याने मला तिच्या मशीनच्या खणात कोंडलं. त्याला कुणीच दोष दिला नाही, हे सगळ्यात वाईट. "साहेबांनी स्वतः तपासलं होतं, तिचंच नशीब," म्हणत बायका डोळे पुसतात. तो ऐकतो आणि मान खाली घालून निघून जातो.

आज दुपारी त्याने खण उघडला. समोर गाद्यांना टाके घालणारी मावशी उभी, हात छातीवर. "साहेब, चार दिवस धडधडतंय. एकदा बघा ना."

त्याने मला उचललं. नको रे, पुन्हा नको! मग त्याने खणातली ताईची कात्री घेतली आणि माझी नळी मधोमध कापली.

"मावशी, मी डॉक्टर नाही. कधीच नव्हतो. ताई माझ्यामुळे गेली. चला, दवाखान्यात नेतो तुम्हाला."

मावशी मटकन खाली बसून रडायलाच लागली. "म्हणजे माझं काही खरं नाही का, साहेब? म्हणून तपासत नाही ना तुम्ही?"

तो तिला धरून घेऊन गेलाय. मी टेबलावर दोन तुकडे होऊन पडलोय आणि खोटं नाही सांगत, आयुष्यात पहिल्यांदा हायसं वाटतंय. पण बायका भोवती जमल्यात. एकीने माझे दोन्ही तुकडे उचलून एकमेकांना लावून पाहिलेत. म्हणते, "चिकटेल गं. ताईच्या दुःखात काहीतरी बोलून गेले साहेब. उद्या लागेल त्यांना."

बायांनो, हात जोडतो तुम्हाला. मला चिकटवू नका.