हरिताचं पान

तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत माझं ब्राउझिंग सेंटर होतं. सहा मशिनं, आणि गिऱ्हाइकं बहुतेक निकाल पाहायला किंवा लग्नासाठी जातक, म्हणजे पत्रिका, पाठवायला येणारी. भागीरथीअक्का मात्र दर शुक्रवारी येत, त्या गेलेल्या लेकीचं पान वाचायला.

हरिता अमेरिकेत शिकायला गेली आणि तिथेच मोटार अपघातात वारली. विद्यापीठाच्या सर्व्हरवर तिने स्वतःचं पान केलं होतं. एक फोटो, मातीवरच्या संशोधनाच्या चार ओळी, आणि शेवटी, 'मी सांबार करते, पण आई त्याला सांबार मानत नाही.' अक्का इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका. हे वाक्य त्या ओठ हलवत वाचत आणि उठून जात. वर्षभरात त्यांच्या डोळ्यांत पाणी मी पाहिलं नव्हतं.

२००१च्या जूनमध्ये, त्या यायच्या आधी मी पत्ता टाकून पाहिला, तर ४०४. म्हणजे सर्व्हर जागा असतो, उत्तरही देतो, पण सांगतो की हे पान सापडत नाही. जुनी खाती पुसली असणार. माझं डोकंच फिरलं. एवढं मोठं विद्यापीठ, आणि एका फोटोला जागा नाही!

नशिबाने मागच्या शुक्रवारी उघडलेल्या त्या पानाची प्रत माझ्याकडे साठलेली होती. सगळी मशिनं माझ्या मोठ्या मशिनातूनच इंटरनेटवर जात. तिथे मी रिडायरेक्ट लावला. हरिताचा पत्ता मागितला की मशीन गुपचूप माझ्या प्रतीकडे वळे. अक्का आल्या, वाचून गेल्या. मी स्वतःवरच खूश.

चौथ्या शुक्रवारी त्यांनी हाक मारली. चोराच्या मनात चांदणं, मी दचकलोच.

"तुळजाजी, खाली पाहुण्यांचा आकडा आहे, पाहा. मी उघडलें की वाढायचा. चार आठवडे तोच आहे."

मी सगळं सांगून टाकलं.

"खरं आहे तें दाखव."

मी रिडायरेक्ट काढला. पांढऱ्या पडद्यावर ४०४ आलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"सापडत नाही म्हणतो. एथे होतं, एवढं पण बोलत नाही?"

"नाही अक्का. कधीच नसलेलं पान मागितलं तरी हेच उत्तर येतं."

"होतं, आता नाही, असं सांगायला नंबर नाही?"

"आहे. चारशे दहा. पण तो कोणीतरी मुद्दाम लावावा लागतो. ४०४ आपोआप येतं."

अक्का म्हणाल्या, "मग तू लाव रे, पा."

माझ्या मशिनावर मी हरिताच्या पत्त्याला ४१० लावलं. सर्व्हरचा ठरलेला इंग्रजी मजकूर उमटला. अक्कांनी तो वर्गात वाचावा तसा मोठ्याने वाचला आणि मग आपल्या भाषेत सांगितला, "मागितलेलं आता एथे नाही. पुढचा पत्ता दिलेला नाही."

आणि त्या रडू लागल्या, तोंडावर पदर न घेता, मोठ्याने. पाचही गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी खेकसून सगळ्यांना बाहेर काढलं, शटर अर्धं ओढलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.