एकोणीस पौंडांची आंटी

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे, आणि गेल्या मंगळवारपासून मला फार हलके वाटते आहे. का ते सांगतोच, पण आधी मी काय करतो ते ऐका.

मी बॅडमिंटनच्या रॅकेटचे गटिंग करतो, म्हणजे तिच्यात तारा ताणून बसवतो. माझ्या अंगावर सहा आधार आहेत. त्यांत रॅकेटची फ्रेम घट्ट बसवतात. मग एकेक तार ओवायची, माझ्या पकडीत अडकवायची आणि हाताने दांडा फिरवायचा. हवा तेवढा ताण आला की मी ‘खट्’ करून थांबतो. मग माझे चाप ती तार धरून ठेवतात, म्हणजे पुढची ओवेपर्यंत ती ढिली पडत नाही. माझा मालक रोसलान मला ‘म्हातारबा’ म्हणतो. मला ते नाव आवडते.

माझा जन्म तैवानमधल्या एका लहान कारखान्यात झाला. लाकडी खोक्यात घालून मला जहाजाने सिंगापूरला आणले आणि या मॉलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात ठेवले. तेव्हा हा मॉल झकपक होता. आता लोक त्याला जुनाट म्हणतात. छत बुटके आहे, सरकते जिने जेमतेम एका माणसाच्या रुंदीचे आहेत, आणि पॅसेज असे वाकडे आहेत की सरळ चालणारा माणूसही फिरून पहिल्याच दुकानापुढे येतो. पण खेळाचे सामान स्वस्तात हवे असेल तर लोक अजून इथेच येतात. गेल्या वर्षीचे बूट, संघाचे शर्ट, पोहण्याचे चष्मे, सगळे इथे घासाघीस करून मिळते. सांगितलेली पहिली किंमत कोणी देत नाही. चुकून कोणी दिलीच, तर दुकानदार दिवसभर त्याच्याबद्दल बोलतो.

आमच्या गाळ्याची एक रीत आहे. इथे गिऱ्हाइकाला नाव विचारत नाहीत. किती पौंडांचा ताण हवा, तेवढे विचारतात आणि मुठीला चिठ्ठी बांधून तिच्यावर तो आकडा लिहितात. मग तेच त्या माणसाचे नाव होते. ‘अठ्ठावीस आला होता का?’, ‘तेवीसच्या मुलाचं लग्न ठरलं’, असे आमच्याकडे बोलतात. आकडा मोठा असला की हात जोरकस, असे समजावे.

माझे चांगले दिवस पुष्कळ होते. शाळांचे सामने जवळ आले की रोसलान आणि मी सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत थांबत नसू. एका शाळेच्या मुलींनी चषक जिंकला, तेव्हा तो माझ्या माथ्यावर ठेवून फोटो काढला. माझ्या अंगावर ऊसाचा रस सांडला. मुंग्या लागल्या, पण मला राग आला नाही.

मग एक दिवस माझा डावा चाप निसटला. तार ढिली राहिली आणि गिऱ्हाईक चिडून गेले. पुढच्याच महिन्यात विजेवर चालणारे यंत्र आले. त्याला हाताने ओढावे लागत नाही. बटण दाबले की झाले. मला मागच्या कोपऱ्यात नेले, वर एक जुनी चादर टाकली आणि शटलच्या रिकाम्या नळ्या माझ्यावर रचून ठेवल्या. तसाच मी चार वर्षे होतो. चादर एका बाजूने सरकली होती, तेवढ्या फटीतून मला पॅसेज दिसे.

त्या फटीतूनच मंगळवारी मला एक म्हातारा दिसला. सत्तरी ओलांडलेला, पायात चपला, छातीशी एक कापडी पिशवी. तो आमच्यासमोरून गेला. थोड्या वेळाने परत गेला. तिसऱ्यांदा आला, तेव्हा समोरच्या बुटांच्या दुकानातली पुई लान ओरडली, “अंकल, तिसरी फेरी! एवढं चालायचं तर बूट तरी घ्या.”

“बूट नकोत. गटिंगवाला कुठंय?”

“तुमच्या पाठीमागे. दोनदा त्याला ओलांडून गेलात.”

“तीस वर्षं बस चालवली मी,” म्हातारा म्हणाला, “कधी वाट चुकलो नाही. हा मॉल कोणी बांधला?”

“चुकावं म्हणूनच बांधलाय. नाहीतर आमच्याकडे कोण आलं असतं?”

तो आत आला. त्याचे नाव क्वेक बून सेंग, ते मागाहून कळले. त्याने पिशवीतून रॅकेट काढली आणि अंड्यासारखी अलगद काउंटरवर ठेवली.

“अंकल, ही बघा,” तो रोसलानला म्हणाला.

“तुम्ही मला अंकल? माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठे असाल.”

“मग काय म्हणू? बाळ?”

रोसलान हसला आणि रॅकेट हातात घेतली. मधली एक उभी तार तुटलेली होती. बाकीच्या जागच्या जागी होत्या. रोसलानचे हसू थांबले.

“ही कधी तुटली?”

“सात महिने झाले. बायकोची आहे. शेवटची खेळली त्या दिवशीच तुटली. पुढच्या महिन्यात ती गेली. बाकीच्या तारांना मी कोणाला हात लावू दिला नाही. तिनं खेळलेल्या होत्या.”

मित्रांनो, न खेळणारा माणूस ही चूक हमखास करतो. ताणलेल्या तारांतली एक तुटली की बाकीच्या त्याच दिवशी कापायच्या असतात. नाहीतर आडव्या तारा फ्रेमच्या बाजू आत ओढत राहतात, आणि फ्रेम हळूहळू वाकडी होते. ती कपाटात नुसती टांगून ठेवली तरी होते.

बून सेंगला हे आदल्या दिवशीच कळले होते; त्यानेच सगळे सांगितले. त्याच्या बायकोचा दर बुधवारी सकाळी खेळणारा चौघींचा गट होता. आता तिघीच उरल्या होत्या. त्यांतल्या आयरीनने त्याला फोन करून सांगितले होते, “जागा रिकामी आहे, तुम्ही या.” त्याने आयुष्यात रॅकेट धरली नव्हती. तरी तो हो म्हणाला, पण एका अटीवर, की खेळीन ते तिच्याच रॅकेटने. तेव्हा आयरीनने तारांबद्दल विचारले आणि ऐकून ती किंचाळलीच.

“खरं सांगा,” तो म्हणाला, “मी बिघडवली का ती?”

रोसलानने मोजपट्टी लावली. दोनदा लावली. “तीन मिलिमीटर आत गेलीय. नवीन गटिंग केलं तर सरळ होईलही. नाहीतर तडकेल. आत्ता काही सांगता येत नाही.”

मग रोसलानने मूठ फिरवून पाहिली. मुठीवरची पट्टी उलट्या बाजूने गुंडाळलेली होती, डावखुरे गुंडाळतात तशी.

“थांबा, थांबा. डावखुऱ्या होत्या? ठेंगण्या? पैसे देण्याआधी मोजे फुकट मागायच्या?”

“मागायची. आणि न्यायची पण.”

“अहो, ही तर एकोणीस पौंडांची आंटी!”

“तिचं नाव गेक चू.”

“नाव आज कळलं. वीस वर्षं येत होत्या. आधी चोवीस होत्या. मग गेल्या वर्षी बावीस मागितले. मग एकोणीस. मी म्हटलं, आंटी, सेल लागलाय का? तर म्हणाल्या, खांदा दुखतो. आणि म्हणाल्या, माझ्या नवऱ्याला कळू देऊ नका. त्याला कळलं तर तो मला घरी बसवील.”

बून सेंगने मान खाली घातली. मला वाटले, आता हा रॅकेट उचलून जाणार. पण तो हळूच हसला.

“बसवलंच असतं,” तो म्हणाला. “बरं झालं, सांगितलं नाही. वर्षभर खेळली तरी.”

रोसलान मागे आला. त्याने नळ्या खाली ठेवल्या, चादर ओढली आणि मला दोन्ही हातांनी उचलून उजेडात आणले. “विजेचं यंत्र हिसका देतं,” तो म्हणाला. “हिला सावकाश ओढायला हवं. म्हातारबाच पाहिजे.”

त्याने माझे चाप पुसले, स्क्रू आवळले. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला भीतीच वाटली. माझा डावा चाप एकदा निसटलेला होता. तो आता निसटला असता तर सगळा ताण एका जागी आला असता आणि ती फ्रेम गेली असती.

रोसलानने कात्री पुढे केली. “तुम्ही कापा, अंकल. मधून सुरू करा आणि बाहेर जा.”

बून सेंगने कात्री घेतली, पण पहिली तार कापायला त्याला फार वेळ लागला. रोसलानने घाई केली नाही. टण्ण आवाज झाला. मग दुसरी, तिसरी. पुढे त्याचा हात न थांबता चालला.

फ्रेम माझ्या आधारांत बसवली. “एकोणीसच घालतो,” रोसलान म्हणाला. “फ्रेमलाही झेपेल, आणि शिकाऊ माणसालाही तेवढेच बरे असतात. शटलचं फूल आपोआप उडतं.”

“म्हणजे तिचेच?”

“आंटीचेच.”

उभ्या तारा सुरू झाल्या. रोसलान दांडा इतका सावकाश फिरवत होता की मला माझाच ‘खट्’ दुरून आल्यासारखा वाटे. डाव्या चापाला मी सांगत होतो, धर, धर. तो धरून होता. पुई लान दुकान सोडून आमच्या दारात येऊन उभी राहिली. उभ्या तारा संपल्या. आडव्या अर्ध्यावर आल्या. आणि ‘टक्’ असा आवाज झाला.

बून सेंगने डोळे मिटून घेतले. “गेली?”

रोसलानने फ्रेमवरून नख फिरवले. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग भोकाजवळ वाकून पाहिले आणि चिमटीत काहीतरी धरून वर केले.

“भोकातली प्लास्टिकची नळी तडकली हो! जुनी झाली होती. फ्रेम शाबूत आहे.”

“देवा रे,” पुई लान म्हणाली. “मी खाल्लेला लाक्सा आत्ता वर आला असता.”

नळी बदलली. उरलेल्या तारा बसल्या. शेवटची गाठ मारून रोसलानने माझे आधार सोडवले आणि मोजपट्टी लावली. फ्रेम पुन्हा पूर्वीएवढी रुंद झाली होती. त्याने तळव्यावर रॅकेट आपटली. आवाज चांगला आला. बून सेंगने रॅकेट घेतली आणि तोही आपल्या तळव्यावर आपटत राहिला, पाच-सहा वेळा. मग तो बुटांच्या खोक्यांवरच बसला आणि एकदम मोठा श्वास सोडला. सात महिन्यांचा असावा.

“उद्याच बुधवार आहे,” तो म्हणाला. “हे फूल सोडायचं कसं, कोणी सांगेल का?”

रोसलानने एक रीत सांगितली, पुई लानने अगदी उलटी सांगितली, आणि दोघांचे तिथेच जुंपले. बून सेंग मध्ये बसून दोघांकडे पाहत हसत होता.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. खेळताना तार तुटली तर उरलेल्या त्याच दिवशी कापा, मधून सुरू करून बाहेरपर्यंत. कापताना वाईट वाटेल, तरी कापा. आणि कोणाच्या हातून ते राहून गेले, तर त्याला बोलू नका. रॅकेट घेऊन त्याला आमच्याकडे पाठवा. बहुतेक वेळा फ्रेम वाचते.