खालच्या खोलीची किल्ली

रावसाहेबांनी आयुष्यातली एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांची किंमत वाढवण्यात घालवली होती. कृष्णाकाठच्या एका नगरपालिकेत ते घरपट्टी विभागात निरीक्षक होते. हातात फीत, काखेत वही आणि तोंडात लवंग, अशा थाटात ते गल्लोगल्ली फिरत. त्यांची एक युक्ती कचेरीत नावाजलेली होती. घरात शिरायचं आणि घराला नावं ठेवायची. मालक सगळं लपवायच्या तयारीत बसलेला असतो, पण घराला कोणी हिणवलं की त्याची जीभ सुटते. वसुंधराबाई नावाच्या विधवा शिक्षिकेच्या दाराकडे बघून ते म्हणाले होते, "आंब्याची फळी का हो ही? वाळवी लागेल." बाई उसळल्या, "अहो, अस्सल सागवान आहे!" आणि मग स्वतःच जिना चढून वरची नवी खोली, मोरीतल्या फरशा, सगळं दाखवून आल्या. रावसाहेबांना फक्त लिहायचं काम उरलं. दोन वर्षांनी घरपट्टी झेपेना म्हणून बाईंनी घर विकलं, तेव्हा कचेरीत त्यावर चहा पिता पिता हसणंही झालं होतं. हसणाऱ्यांत रावसाहेबही होते.

हाच माणूस आता, २००८ च्या मार्च महिन्यात, न्यूझीलंडमधल्या रुआपेहू डोंगराच्या पायथ्याशी मुलाच्या लॉजच्या पायरीवर बसून घरपट्टीवाल्याची वाट बघत होता. घरपट्टीला इथे रेट्स म्हणतात. नाव बदललं म्हणून ती कमी टोचते असं नाही.

मुलाने, परेशने, चार वर्षांपूर्वी ऑकलंडच्या फ्लॅट बुशमधलं चांगलं घर विकून हे आठ खोल्यांचं लॉज घेतलं होतं. हिवाळ्यात स्कीइंगला येणाऱ्यांना उतरायला जागा द्यायची आणि डोंगर बघत जगायचं, असं त्याचं स्वप्न. डोंगर होता, पण बर्फ मेहुण्यासारखा वागू लागला. यायचा उशिरा आणि जायचा लवकर. त्यात इथला डिसेंबर ते फेब्रुवारीचा हा उन्हाळा कोरडा ठणठणीत. छतावरच्या पावसावर भरणारी टाकी जानेवारीतच तळाला गेली, ओढ्यात नुसते दगड उरले, आणि पाण्याचे टँकर विकत घ्यायची वेळ आली. पेट्रोल महागलं, बँकेचा हप्ता चढला. परेश सोमवार ते शुक्रवार पुन्हा ऑकलंडला कॉम्प्युटरची नोकरी करू लागला आणि तिथल्या माउंट रॉस्किलमध्ये एका मित्राच्या भाड्याच्या घरात सोफ्यावर झोपू लागला. लॉज सुनेवर, म्हणजे भाग्यश्रीवर, पडलं.

या सगळ्यावर कळस म्हणून कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, नोटीस आली. ऑकलंडचे पैसेवाले सुट्टीपुरती घरं घेऊ लागल्यामुळे गावातल्या सगळ्याच घरांच्या किमती फुगल्या होत्या. परेशच्या लॉजची व्हॅल्यू जवळपास दुप्पट धरली होती, आणि रेट्सही त्याच मापाने. शेजाऱ्याने घर श्रीमंताला विकलं, याची शिक्षा परेशला.

परेशने आक्षेप नोंदवला. फोनवर तो म्हणाला होता, "बाबा, घराची किंमत ठरवणारा व्हॅल्युअर मंगळवारी बघायला येतोय. आक्षेप घेतला की व्हॅल्यू कमी होते तशी वाढूही शकते, लक्षात ठेवा. तो काही बोलला तर येस येस म्हणायचं. आणि खालची खोली उघडायची नाही. तिची कन्सेंट, कौन्सिलची बांधकाम परवानगी, घेतलेली नाही आपण. हे जमलं नाही ना, तर हा आपला इथला शेवटचा हिवाळा."

"मला शिकवतोस?" रावसाहेब म्हणाले होते. "एकतीस वर्षं हेच केलंय मी."

खालची खोली म्हणजे पूर्वीचं गॅरेज. तिथे सहा दुमजली खाटा आणि एक शेगडी होती. हिवाळ्यात शाळांच्या सहली उतरायच्या, आणि खरं सांगायचं तर लॉज त्या सहा खाटांवरच चाललं होतं. खर्च रावसाहेबांच्या प्रॉव्हिडंट फंडातून झाला होता. पण त्यांना पैशांचं एवढं नव्हतं. शेगडीमागची भिंत त्यांनी स्वतः बांधली होती. त्यांचे वडील गवंडी होते. मुलाने हाताला चुना लावू नये म्हणून त्यांनी रावसाहेबांना शिकवून कारकून केलं होतं. बायको गेल्यावर रावसाहेब इथे सहा-सहा महिने राहू लागले, आणि ओढ्यातला काळा दगड पाहून त्यांना गावाकडचा दगड आठवला. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्यांनी छिन्नी हातात घेतली. दोन उन्हाळे गेले. सांध्यात पोस्टकार्ड शिरणार नाही अशी भिंत उभी राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं की आपण काहीतरी केलं.

व्हॅल्युअर बरोबर अकराला आला. ग्रॅहम नावाचा पन्नाशीचा, उन्हाने तांबडा झालेला, सभ्य माणूस. भाग्यश्रीने त्याला आत घेतलं, आणि तेवढ्यात पाण्याचा टँकर चढ चढून आला. दोन आठवडे नंबर लावून मिळालेला टँकर परत पाठवणं शक्यच नव्हतं.

"बाबा, पंधरा मिनिटं," ती हळूच म्हणाली. "फक्त येस येस. प्लीज." आणि पाइप धरायला पळाली.

ग्रॅहम खोल्या बघू लागला. "लाकडी जमीन जुनी झालीय," तो म्हणाला. रावसाहेब म्हणाले, "येस." ती जमीन परेशने पंधरा रात्री घासून पॉलिश केली होती. "स्वयंपाकघर घरगुतीच वाटतं." "येस, येस." "खिडक्या बसवणारा कारागीर नवशिका असावा." रावसाहेबांनी तोंडातली लवंग चावली आणि येस म्हटलं. ग्रॅहम जे म्हणत होता ते लिहीत होता, आणि प्रत्येक ओळीबरोबर रेट्स खाली येत होते. सगळं कसं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

मग ते बाहेरून घराला फेरी घालायला निघाले. खालच्या खोलीच्या बंद दारापाशी ग्रॅहम थांबला.

"गॅरेज ना?"

"येस."

त्याने सहज धुळकट खिडकीला नाक लावलं. आत अंधार होता. समोरच्या भिंतीचा तेवढा एक तुकडा दिसत असावा.

"आत दगडासारखं दिसणारं पॅनेल चिकटवलंय वाटतं," तो म्हणाला. "हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते. स्वस्तातलं. दोन-तीन वर्षांत सुटून येतं." आणि त्याने वही उघडली.

इथे येस म्हणायचं होतं. रावसाहेबांना ते पक्कं ठाऊक होतं. सुनेचा टँकर, पोराचा सोफा, शेवटचा हिवाळा, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. पण तळपायाची आग मस्तकात गेली ती गेलीच.

"पॅनेल नाही," ते म्हणाले. "दगड आहे."

"असं?" ग्रॅहम नम्रपणे हसला. विश्वास न बसलेल्या माणसाचं हसू.

रावसाहेबांनी खिशातून किल्ली काढली. ती आज खिशात कशाला ठेवली होती, हे त्यांनी पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं.

भाग्यश्री ओल्या बाह्यांनी परत आली तेव्हा दार सताड उघडं होतं. सहा खाटा, त्यावर नीट घड्या घातलेल्या रजया, भिंतीवर पाहुण्यांसाठी नियमांचा कागद, सगळं उजेडात आलेलं. आणि रावसाहेब आपल्या कचेरीतल्या इंग्रजीत दगड कसा फोडायचा, तोंड कसं घडवायचं ते सांगत होते. त्यांचा चेहरा असा फुललेला तिने कधी पाहिला नव्हता. ग्रॅहम भिंतीवर तळवा फिरवत होता.

"सुंदर काम आहे," तो मनापासून म्हणाला. मग खाटांकडे वळला. "या खोलीची कन्सेंट असेलच ना?"

रावसाहेबांनी त्याच्या पेनाकडे पाहिलं. पेन चालू होतं. वसुंधराबाईंच्या त्या जिन्याखाली आपण असेच लिहीत उभे होतो, हे त्यांना तेव्हा आठवलं. फरक इतकाच की त्यांनी डाव टाकला होता, आणि या भल्या माणसाच्या मनात तसलं काही नव्हतं. तो नुसता चुकला होता. ती चूक तशीच राहू दिली असती तर लॉज वाचलं असतं.

भाग्यश्री पुढे आली. तिने ग्रॅहमला चहा विचारला. तो नको म्हणाला.

पाच आठवड्यांनी पत्र आलं. शुक्रवारी परेश घरी आल्यावर त्याने ते जेवणाच्या टेबलावर फोडलं. व्हॅल्यू आणखी वाढली होती. खालची खोली कन्सेंट मिळेपर्यंत पाहुण्यांना द्यायची नाही, असं वेगळ्या कागदावर होतं. तीन शाळांचं बुकिंग आधीच झालं होतं.

परेशने कागद खाली ठेवला. "खोली उघडली कोणी? भाग्यश्री, तुला सांगितलं होतं ना मी?"

भाग्यश्री वाढत होती. तिने आमटीचा डाव हातात धरला आणि सासऱ्यांकडे बघायचं टाळलं. त्यांना वाचवायला एक मिनिट गप्प राहिली ती. रावसाहेबांनी ते मिनिट जवळजवळ पूर्ण जाऊ दिलं, हेही लिहायला हवं.

"मी उघडली," ते शेवटी म्हणाले.

"का पण, बाबा?"

"तो भिंतीला प्लास्टिक म्हणाला."

परेश त्यांच्याकडे बघत राहिला. रागावायलाही त्राण लागतं, आणि आठवडाभर सोफ्यावर झोपून आलेल्या माणसात ते नव्हतं. "लॉज विकायला एजंटला सोमवारी फोन करतो," एवढंच तो म्हणाला. मग पुन्हा पत्र उचलून, काही राहिलंय का ते बघावं तसा, शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचू लागला. "तळमजल्यावर हाताने घडवलेली दगडी भिंत. कारागिरी उच्च प्रतीची."

त्याने पत्र घडी करून बाजूला सारलं आणि भात कालवायला घेतला. रावसाहेब ताटाकडे बघत होते. पोराचं घर गेलं होतं, त्यांच्यामुळे गेलं होतं, आणि त्यांना वाटत होतं की परेशने ते शेवटचं वाक्य अजून एकदा वाचावं.