बिनहोकाराचं गाऱ्हाणं

सुभद्रा पुन्हा पिक्चरला निघाली तेव्हा वाडीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. हसतात तर हसू देत मेल्या! साठी उलटलेली बाई, नवऱ्याचं वर्षश्राद्ध अजून व्हायचं होतं, आणि ही धुवट पातळ नेसून भर दुपारी एसटीच्या थांब्यावर उभी. बघणाऱ्याला नवल वाटणारच.

"काय आजी, अजून पाठ झालो नाय काय पिक्चर?" कंडक्टरने विचारलं.

"पाठ झालो म्हणानच जातंय," सुभद्रा म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

आता खरं सांगायचं तर एकटी सुभद्राच जात होती असं नाही. त्या पिक्चरने सगळ्या जिल्ह्याला याड लावलं होतं. गोष्ट म्हणाल तर साधीच. देवाच्या राईवर एका खाणवाल्याचा डोळा, आणि एक गावकरी त्याला आडवा जातो. असले पिक्चर काय कमी झाले? पण मध्यंतराच्या आधी देवळातला एक प्रसंग होता आणि त्यासाठी माणसं परत परत कणकवलीच्या थेटरात येत होती. पडद्यावरचा गावकरी देवापुढे गाऱ्हाणं घालायचा. "बा देवा म्हाराजा, तुजी लेकरा तुज्या पायाकडे इलेली आसत," असं एकेक मागणं तो मांडायचा, आणि पडद्यावरची माणसं हात जोडून म्हणायची, "होय म्हाराजा!" पहिल्या दिवशी थेटरातल्या कुणा म्हाताऱ्याच्या तोंडून सवयीने "होय म्हाराजा" निघून गेलं. दुसऱ्या दिवसापासून अख्खं थेटर म्हणायला लागलं. माणसं त्या प्रसंगाला पायातल्या चपला काढून ठेवायची. गणपतीला आलेले चाकरमानी मुंबईला परतायच्या आधी आणखी एकदा बघून जायचे. कॉलेजातली पोरं यायची. तोच पिक्चर मोबाइलवर फुकटात मिळत होता, पण मोबाइलवर एकट्याने गाऱ्हाणं ऐकणं म्हणजे एकट्याने फुगडी घालणं. एकाने मागायचं आणि सगळ्यांनी होकार द्यायचा, तेव्हाच ते गाऱ्हाणं होतं.

आणि त्या गाऱ्हाण्याचा आवाज सुभद्रेच्या नवऱ्याचा, धोंडूचा होता.

झालं होतं असं, की पिक्चरचा हिरो मुंबईचा. दिसायला राजबिंडा, पण गाऱ्हाणं घालायला लागला की बातम्या वाचल्यासारखा! शूटिंग सुभद्रेच्याच गावात झालं, त्याच्या तोंडून कसंबसं बोलून घेतलं, आणि मग पिक्चरवाले धोंडूकडे आले. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान पिढ्यानपिढ्या धोंडूच्या घराकडे. तुमचा आवाज द्या, म्हणाले. धोंडूने एकच अट घातली, आमच्या देवाचं नाव घ्यायचं नाही. त्यांनी एका देवाचं नाव काढलं मनाने, आणि मालवणात एका बंद खोलीत, खिडक्यांना गाद्या लावून, धोंडूचा आवाज भरून घेतला. पुढे पिक्चर यायच्या आधीच धोंडू काजूच्या बागेत बसल्या जागी गेला. पाणी मागायलाही वेळ मिळाला नाही.

त्यामुळे सुभद्रा पहिल्यांदा थेटरात गेली ती भीत भीतच. अंधारात तो परका, गोरापान माणूस पडद्यावर आला, त्याने तोंड उघडलं, आणि आतून तिचा घोव बोलला. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तोच खर्ज, "म्हाराजा" म्हणताना शेवटी तीच ओढ. शेजारी बसलेल्या वाडीतल्या राधाबाईचा हात तिने असा आवळला, की राधाबाईच्या बांगड्या रुतल्या.

पण ती परत गेली ती काही आवाजासाठी नव्हे.

धोंडूला दोन मुलं. थोरला गुरुदास, आणि त्याच्या पाठची समीक्षा. समीक्षाचं लग्न देवगडला ठरलं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि हळदीच्या आदल्या दिवशी ती इन्सुलीच्या एका गॅरेजवाल्या मुलाबरोबर निघून गेली. रजिस्टर लग्न केलं. गावात ज्याच्या शब्दाला मान, त्याचीच लेक अशी! धोंडूने त्या वर्षीच्या जत्रेत, देवापुढे, भरल्या देवळात सांगितलं, "म्हाराजा, ह्या चेडू आजपासून माज्या घरचा नाय." आणि गावाने मान खाली घालून म्हटलं, "होय म्हाराजा."

देवापुढे बोललेला शब्द. तो ज्याने दिला त्यानेच परत घ्यायचा, दुसऱ्या कुणाला तो हक्क नाही. सुभद्रा वर्षानुवर्षं वाट बघत राहिली की आज घेईल, उद्या घेईल. धोंडू गेला त्या दिवशी समीक्षा धावत आली, तर गुरुदासने तिला बेड्याकडेच, कुंपणाच्या फाटकातच अडवली. "बाबांनी शब्द मागे घेवक नाय," म्हणाला. पोर कुंपणाबाहेर रस्त्यावर उभी राहिली आणि बापाला तिरडीवरून जाताना बघून परत गेली. त्या दिवसापासून ती आईचाही फोन उचलत नव्हती. सुभद्रेला एवढंच हवं होतं, की आपले डोळे मिटायच्या आत लेकीने घराचा उंबरठा ओलांडावा. जास्त काही नाही.

आणि पिक्चरमधल्या त्या गाऱ्हाण्यात, शेवटून दुसरं मागणं असं होतं, "आणि म्हाराजा, रागान तोडलेली लेकरा जी कोण आसतीत, तेंका घराची वाट दाखव. तोडणाऱ्याचो शब्द तू मोडून टाक."

थेटरात कुणाकुणाचे डोळे त्यावर भरून यायचे. ज्याचं त्याचं काहीतरी तुटलेलं असतंच. सुभद्रा मात्र दगडासारखी बसून राहिली. हे मागणं गावच्या गाऱ्हाण्यात नव्हतं. इतक्या वर्षांत धोंडूने ते कधी घातलं नव्हतं.

घरी येऊन तिने गुरुदासला सांगितलं. तो टेम्पोचं चाक बदलत होता. त्याने मानही वर केली नाही.

"आये, ता पिक्चरवाल्यांनी लिवन दिलेला आसतला. बाबांनी वाचून म्हटल्यानी."

"चष्म्याबिगर तुजो बापूस वाची खंय? आणि चष्मो तेंनी त्या दिवशी घराकच इसारलेलो."

"मगे कोणीतरी सांगला आसात." चाक ढकलून तो उभा राहिला. "आणि समज, मनान बोलले. तरी खंयच्या देवाफुडे बोलले? त्या देवाचा नाव पिक्चरवाल्यांनी काढलेला. खऱ्या देवाफुडे दिलेलो शब्द खोट्या देवाफुडे कसो मोडतलो?"

"देव खोटो आसात रे मेल्या, मागणारो खरो होतो ना?"

गुरुदास पुन्हा चाकाकडे वळला. त्याची बायको सारिका दारात उभी राहून ऐकत होती, ती आत निघून गेली.

म्हणून सुभद्रा पुन्हा गेली, नीट ऐकायला. आणि मग तिच्या लक्षात आलं ते आधी कसं आलं नाही, असं वाटून तिने कपाळावर हात मारला. त्या एका मागण्याला पडद्यावरचं कुणी होकार देत नव्हतं. बाकी प्रत्येक मागण्याला "होय म्हाराजा", आणि ह्याला काहीच नाही. पडद्यावरचे गप्प, म्हणून थेटरही गप्प. लोकांना वाटायचं, दिग्दर्शकाने मुद्दाम तशी शांतता ठेवलीय. शहाणे! गाऱ्हाण्यात रिकामी जागा नसते. शूटिंगच्या दिवशी हिरोने जेवढी मागणी म्हटली तेवढ्यांना गावातल्या माणसांनी होकार दिला. हे मागणं त्यात नव्हतंच. धोंडूने ते मागाहून, त्या गाद्या लावलेल्या खोलीत, आपल्या मनाने घातलं. पिक्चरवाल्यांना आवडलं, त्यांनी ठेवलं.

आणि त्या वेळी पडद्यावर चेहरे कुणाचे दिसत? देवळात जमलेल्या माणसांचे. सगळ्यात पुढे, हात जोडून, पांढऱ्या सदऱ्यात, गुरुदास. सुभद्रेचाच झील. बापूस मागतोय, लेकराला वाट दाखव, आणि झील समोर तोंड मिटून उभा.

ह्यानंतर तिचं काही खरं राहिलं नाही. ती शांतता तिच्या मागून घरी आली. चुलीवर पेज उकळायची थांबली की ती ऐकू यायची. मागल्या दारी माडाची झावळ पडली, की पडल्यानंतरची ती. बरं, होकार न मिळालेलं गाऱ्हाणं जातं कुठे? देवाकडे पोचत नाही, घालणाऱ्याकडे परत येत नाही. धोंडू मधल्यामधे हात जोडून उभाच राहिला असेल, ह्या विचाराने तिच्या घशाखाली घास उतरेना. एकदा तिने थेटरात स्वतःच म्हणून बघितलं, "होय म्हाराजा." आवाज चिरकला. पुढल्या रांगेतली पोरं मागे वळून फिदीफिदी हसली. तिचं तिलाच कळलं, की आपल्या होकाराने भागायचं नाही. धोंडूनंतर मान गुरुदासकडे आला होता. घराचा होकार त्याचाच.

पण तो पिक्चर बघायला तयार नव्हता. "अख्खो दिवस उन्हात उभो रवलंय त्या शूटिंगाक. आता काय बघूचा आसा?" एवढंच म्हणायचा. पडद्यावर तू तोंड मिटून उभा आहेस, हे सुभद्रेने त्याला सांगितलं नाही. सांगून पटलं असतं तर तो गुरुदास कसला!

आणि मग थेटरवाल्यांनी पाटी लावली, आज शेवटचा खेळ. दुसरा पिक्चर यायचा होता.

त्या दिवशी नेमकी एसटी आली नाही. सुभद्रा थांब्यावरून परत आली आणि घरापुढच्या खळ्यात मटकन बसली. सारिकेने तिला पाहिलं, पदर खोचला आणि नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. "आयेंका गाडयेर घाला आणि घेवन जावा. नायतर रात्री जेवण तुमचा तुमी करून घेवा." एरवी तोंडातून शब्द न काढणारी बाई! गुरुदास मुकाट्याने मोटारसायकलची चावी घेऊन आला.

थेटरापर्यंत सोडतो म्हणाला, पण बाहेर ऊन मी म्हणत होतं, सावलीला उभं राहायला जागा नव्हती. "बस गुपचूप आत. पंखो तरी आसा," सुभद्रा म्हणाली. तो बसला. हाताची घडी घालून, पिक्चर सुरू व्हायच्या आधीच कंटाळलेला.

शेवटचा खेळ म्हणून थेटर भरलं होतं. देवळाचा प्रसंग आला तशी माणसं चपला काढू लागली. ढोल थांबले. परक्या माणसाने तोंड उघडलं, "बा देवा म्हाराजा!" गुरुदासच्या हाताची घडी सुटली. बापाचा आवाज त्याने, बाप गेल्यापासून, ऐकला नव्हता. घरात फोटो होता, आवाज नव्हता.

एकेक मागणं येत गेलं. थेटर गर्जत होतं. गुरुदास खुर्चीच्या कडेला सरकून बसला होता, त्याच्या छातीचा भाता सुभद्रेला जाणवत होता. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. देवा म्हाराजा, तिने मनात म्हटलं, मी काय सांगायची नाही त्याला. तूच बघ.

"आणि म्हाराजा, रागान तोडलेली लेकरा जी कोण आसतीत, तेंका घराची वाट दाखव. तोडणाऱ्याचो शब्द तू मोडून टाक."

पडद्यावर गुरुदास. भिंतीएवढा चेहरा, मिटलेलं तोंड. खाली खुर्चीतला गुरुदास त्याच्याकडे बघत राहिला. थेटरात चिटपाखरू हललं नाही. ती शांतता संपत आली, आता पुढचं मागणं सुरू होणार, सुभद्रेने डोळे गच्च मिटून घेतले, आणि धोंडू म्हणाला,

"होय म्हाराजा!"

ती दचकली. तोच खर्ज, शेवटी तीच ओढ. पडद्यावरून नव्हे, तिच्या शेजारून! तिने डोळे उघडले. गुरुदास उभा होता. हात जोडलेले, गालावरून पाणी वाहत होतं. क्षणभर कुणाला काही कळलं नाही, आणि मग त्याच्या मागोमाग सगळं थेटर म्हणालं, "होय म्हाराजा!" पडद्यावरचं पुढचं मागणं त्या गलक्यात कुणाला ऐकूच आलं नाही.

मध्यंतरात दोघं बाहेर पडली ती परत आत गेली नाहीत. गुरुदास पायरीवर बसला.

"आये," तो म्हणाला, "तिच्या हातचा पाणीसुदा बाबांच्या तोंडात घालूक दिलंय नाय मी."

"नाय दिलंस," सुभद्रा म्हणाली. खोटं कशाला बोलायचं? "लाव फोन."

"माजो उचलतली ती?"

"लाव तर खरो."

त्याने लावला. वाजत राहिला. मग वाजणं थांबलं. पलीकडून गॅरेजातला ठाकठोक आवाज तेवढा येत होता. रडून गुरुदासचा घसा बसला होता. त्याने खाकरून बघितलं, आणि जेमतेम दोन शब्द निघाले, बापाच्याच खर्जात.

"बाये, ऐकतंस?"

पलीकडची ठाकठोक थांबली. मग हळू, भीत भीत, लहान पोरीने विचारावं तसा समीक्षाचा आवाज आला.

"बाबा?"

गुरुदासने आईकडे बघितलं. सुभद्रेने मान हलवली, हो म्हण म्हणून, की नाही म्हण म्हणून, तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

"होय गो," गुरुदास म्हणाला. "घराक ये."